पहिला मासा देवाचा

लक्षद्वीप, ३ डिसेंबर २०२३

आत्या,

वाकून नमस्कार. कोचीहून जहाजाला सोळा तास लागले, त्यातले चौदा मी आडवी होते. बेटावर पोचून आता आठवडा झाला. इथे मोबाईलची रेंज येते-जाते, आणि तुझ्या कानांनी तर कधीचाच संप पुकारलाय. तेव्हा आपलं पत्रच बरं. अजिनाथदादाने तुझं पत्र पारनेरच्या पोस्टात टाकलं की पंधरा-वीस दिवसांत मला मिळतं. मात्र तो खिशात घालून हिंडला तर त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.

तू विचारलंस, पोरगी चार वर्षं मासे मोजून करते तरी काय. मोजत नाही गं, त्यांचा मागचा इतिहास काढते. इथे समुद्रात प्रवाळाचे खडक आहेत आणि त्यांत दोन मासे राहतात. दिसायला सख्खे भाऊ, बोटभर लांब, नारिंगी. एक फक्त ही बेटं, मालदीव आणि श्रीलंका एवढ्यातच सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. दुसरा अरबस्तानापासून पार जपानपर्यंत. पुस्तकी नावं तुला कशाला लिहू, मीसुद्धा वहीत एकाला ‘घरचा’ आणि दुसऱ्याला ‘फिरस्ता’ म्हणते.

दोघांचंही बिऱ्हाड समुद्रफुलात. ते नावाचंच फूल, खरं म्हणजे खडकाला चिकटलेला प्राणी. त्याच्या विषारी बोटांमध्ये हे मासे खुशाल नांदतात. एका फुलात एकच मादी, सगळ्यात मोठी. तिच्याहून लहान तिचा नवरा. बाकीची पोरं परकी, लहानपणी प्रवाहाबरोबर कुठून कुठून आलेली. मादी मेली की नवरा स्वतःच मादी होतो आणि पोरांतला मोठा नवरा होतो. खोटं सांगत नाही.

आता माझा प्रश्न. हजारो वर्षांमागे हे मासे किती होते? पुढे वाढले की आटले? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून शेपटीचा तांदळाएवढा तुकडा कापायचा, मासा सोडून द्यायचा आणि तुकड्यातला डीएनए वाचायचा. मासे एकमेकांपासून जितके वेगळे निघतील, तितक्या त्यांच्या आज्या-पणज्या जास्त. सगळे सारखेच निघाले तर मूळ मोजकं. घरच्या माशाचं काम माझं आणि फिरस्त्याचं माझ्या खोलीत राहणाऱ्या मोनिकाचं.

एवढं झालं की प्रबंध. तो जूनच्या आत दिला तर नगरच्या कॉलेजातली जागा माझी, त्यांनी तसं पत्रच दिलंय. मग आठवडाभर नगर आणि शनिवार-रविवार मळा. पाडव्याला येतेच आहे.

तुझी,
सत्यशीला

•

मळा, पारनेर, २ जानेवारी २०२४

सत्यशीले,

तुझं पत्र अजिनाथने आणलं आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, “आत्या, वाचून दावू का?” कान गेलेत, डोळे शाबूत आहेत, असं सांगून हातातून ओढून घेतलं.

नवरा बाई होतो हे वाचून मी एकटीच ओसरीत हसत बसले. आमचे हे, तुझे मामा, असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. पाण्याचा हंडा कधी उचलला नाही त्या माणसाने, त्याला मादी व्हायला सांगितलं असतं तर त्याने समुद्रच सोडला असता.

ज्वारी निसवलीय, दाण्यात दूध भरतंय. पाखरं राखायला मीच जाते. गोफण अजून चालते, फक्त दगड लागला की नाही हे ऐकू येत नाही.

सारखे निघाले तर मूळ मोजकं, हे मला कुणी शिकवायला नको. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. सरकारने दिलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, पेरायला गावात दाणा नव्हता. मग रामहरी पाटलांनी त्यांचं पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार, तू पाहिलेलं नाहीस. त्यांनी घराघराला शेर-शेर बी दिलं. पुढची दहा वर्षं शिवारातलं कणीस न् कणीस एका तोंडवळ्याचं. कणसावर काणीचा रोग पडला की सगळ्यांच्या रानात एकदम पडायचा. नंतर लोक सोयऱ्यांकडून, बाजारातून नवं बी आणत गेले, तेव्हा कुठे फरक पडला. तुझ्या माशांना सोयरे नाहीत का?

पाडव्याला ये. मागची खोली सारवून घेते.

तुझी,
मनकर्णा आत्या

•

कोची, १२ फेब्रुवारी २०२४

आत्या,

निकाल लागला! घरच्या माशाचे ऐंशी तुकडे वाचून झाले आणि सगळे जवळजवळ एकसारखे. फिरस्त्याच्या ऐंशीत मात्र तऱ्हाच तऱ्हा. असा स्वच्छ फरक क्वचित मिळतो. माझे गाईड सर कधी कुणाची पाठ थोपटत नाहीत, त्यांनी माझी थोपटली. निबंध छापायला पाठवलासुद्धा.

तुझी पेवाची गोष्ट मी सरांना सांगितली. ते म्हणाले, अगदी तसंच. घरचा मासा म्हणजे एका कोपऱ्यात उरलेलं मूठभर बी. तो पहिल्यापासून थोडाच होता. निबंधात त्यांनी वाक्य घातलंय की थोडेपणा हा या माशाचा स्वभाव आहे.

याचा उपयोगही आहे. मे महिन्यात मत्स्यखात्याची बैठक आहे. कुठले खडक राखीव ठेवायचे, कुठल्या माशांकडे लक्ष द्यायचं, ते तिथे ठरतं. जो मासा मुळातच थोडा, तो आज कमी दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, त्याचं नाव यादीत नसलं तरी चालेल, असं सर तिथे सांगणार आहेत. माझ्या कामावरून काहीतरी ठरणार, आत्या. मला अजून खरं वाटत नाही.

नगरच्या कॉलेजला कळवलं, प्रबंध वेळेत येतोय.

तुझी,
सत्यशीला

•

मळा, पारनेर, १ मार्च २०२४

सत्यशीले,

अभिनंदन. पेढे अजिनाथने खाल्ले.

आता दोन शब्द ऐक. घरी राहिलेला तो मुळातच थोडा, हे तुझ्या सरांना कुणी सांगितलं? मी या मळ्याबाहेर राहिले ती लग्नानंतरची सहा वर्षं. बाकी सगळा जन्म इथे. नगरला गेलेले, चाकणला गेलेले दिवाळीला गाड्या घेऊन येतात, अंगणात मावत नाहीत, म्हणून ते पुष्कळ वाटतात. इथल्यांना कुणी मोजायला येतं का? मला राग आलाय, तो माशासाठी की माझ्यासाठी ते अजून ठरलेलं नाही.

पण रागाने निकाल बदलत नाही, तेवढं मला कळतं. म्हणून विचारते. तुझे आजोबा घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला जायचे तेव्हा मला न्यायचे. बैलाचे दात सगळेच बघतात. आजोबा आधी दावण बघायचे, तिथे कोण बांधलंय, कोण नाही आणि जो नाही तो कुठे गेला. चांगला बैल व्यापाऱ्याने सकाळीच बाजूला काढलेला असायचा आणि आपण उरलेल्यांचे दात मोजत बसायचो.

तेव्हा मासे धरलेस कसे ते सविस्तर लिही. आधी कुठला, मागून कुठला. काही गाळू नकोस, मला वेळच वेळ आहे. ज्वारी काढून झालीय, मळणी पुढच्या आठवड्यात.

तुझी,
मनकर्णा आत्या

•

कोची, १४ मार्च २०२४

आत्या,

तुझा राग दोन्हींसाठी आहे असं मी धरते.

धरायची पद्धत अशी. हमजाकोया हा आमचा नावाडी. तो मला खडकावर सोडतो, मी पाठीला हवेची टाकी बांधून खाली जाते. चार-पाच पुरुष खोल. फुलाजवळ हात नेला की एक मासा सगळ्यांच्या आधी धावून येतो आणि बोटाला चावतो. दुखत नाही, पण दचकायला होतं. तो अलगद जाळीत येतो. त्याचं माप घेते, वहीत लिहिते आणि त्याला सोडून देते. मग पुढचे दोन धरते, त्यांच्या शेपटीचे तुकडे घेते आणि वर येते. परवान्यात एका फुलातले दोनच मासे कापायची मुभा आहे. चाळीस फुलं, ऐंशी तुकडे.

पहिला का सोडते विचारशील. हसू नकोस. खळ्यावर रास मोजताना तू पहिली अधोली भरून, ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून बाजूला ठेवायचीस. पहिलं माप देवाचं. मी सहा वर्षांची असल्यापासून तुझ्यापुढे पोत्याचं तोंड धरून उभी राहिलेय, ते हातात बसलंय. पाण्यात गेले तरी पहिल्यावर कात्री चालवायला मन घेईना. पहिला मासा देवाचा, पुढचे माझे. हमजाकोयाला कळेना मी धरलेला मासा का सोडते. त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, त्यांच्याकडेही नवी होडी निघाली की पहिल्या खेपेचे मासे वाटून टाकतात. मोनिकाला असलं काही नाही, ती समोर येतील ते पहिले दोन धरते आणि मोकळी होते.

बघ, तुझी रीत समुद्रातसुद्धा पाळतेय. झाला का राग कमी?

तुझी,
सत्यशीला

•

मळा, पारनेर, २७ मार्च २०२४

सत्यशीले,

हे पत्र अजिनाथला स्पीड पोस्टाने टाकायला सांगितलंय.

तुझं मागचं पत्र वाचून आधी बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. मग परत वाचलं आणि पहिलं पत्र काढून त्याच्याशेजारी ठेवलं.

मळणी झाली. यंत्राने मळलं तरी मी रास वाऱ्यावर उपणून घेतेच, यंत्र पोचट दाणा आत ठेवतं. उपणताना जड दाणा पायाशी पडतो आणि हलका लांब जातो. तू पोत्याचं तोंड धरून उभी असायचीस, म्हणून देवाची अधोली मी कुठून भरते ते तू कधी बघितलंच नाहीस. मी ती पायाशी भरते. देवाला पोचट कसं द्यायचं? आणि तेच माप वर्षभर देवापुढे राहतं आणि पुढल्या साली बी म्हणून रानात जातं. आता ती अधोली उचलल्यावर उरलेली रास चाळून कुणी म्हणाला की मनकर्णाची ज्वारी हलकी, तर मी त्याला खळ्यातून हाकलून देईन.

आता मला सांग. घरावर परकं कुणी आलं की पहिलं कोण बाहेर येतं? पोरं येतात का? तूच लिहिलंस, एका फुलात सगळ्यात मोठी मादी. मग धावून आली ती तीच ना? ती किती वर्षांची? मागचे दोघे किती वर्षांचे? मला डीएनए कळत नाही, पण चाळीस घरांतल्या चाळीस म्हाताऱ्या वगळून तू घराण्याचा इतिहास लिहिलास, एवढं कळलं. मोनिकाने मात्र तिच्या म्हाताऱ्या मोजल्या.

रीत खोटी नाही हं. रीत पाळावी. पण उरलं त्यालाच सगळं म्हणू नये. सरांना सांग आणि काय झालं ते लिही.

तुझी,
मनकर्णा आत्या

•

कोची, १० एप्रिल २०२४

आत्या,

पाडव्याच्या शुभेच्छा. यायचं जमलं नाही, गाडीचं आरक्षण मिळालं नाही. मोनिकाने इथे पुरणपोळी करून बघितली, नारळाच्या तेलात. तू नव्हतीस ते बरं झालं.

ज्वारी चांगली झाली हे वाचून आनंद वाटला. कडबा विकू नकोस, यंदा चारा महागेल असं दादा म्हणत होता. इथे उकाडा फार आहे. प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली. बाकी सगळं ठीक.

तुझी,
सत्यशीला

•

मळा, पारनेर, २० एप्रिल २०२४

सत्यशीले,

पुरणपोळी वाचली, कडबा वाचला. मी विचारलं होतं ते पत्रात कुठे दिसलं नाही. कागद उलटा करूनही बघितला.

परवा अजिनाथला तुझा फोन आला. मी समोरच बसले होते. बहिऱ्या माणसाला तोंडं वाचता येतात, हे तुम्ही दोघं विसरता. विचारलं काय झालं, तर म्हणतो, “काय न्हाई गं, तिला सर्दी झालीया.” एप्रिलात सर्दी! त्याला म्हटलं, खरं काय ते पाटीवर लिही, नाहीतर आज चहा नाही. अर्धा तास तग धरला त्याने. मग लिहिलं, तुला दाखवायला पाटी जपून ठेवलीय: “आत्या बरोबर हाय म्हनली. लई रडली. सांगितलं तर नगरची जागा जाती, न्हाई सांगितलं तर कुनाला कळनार बी न्हाई.”

म्हणजे तुला पत्र मिळाल्या दिवशीच कळलं होतं.

मी साधू नाही. मला तू नगरला हवी आहेस. शनिवारी मळ्यात येईन असं लिहिलंस तेव्हापासून मी शनिवार मोजतेय. मागच्या खोलीत नवा पंखा लावून घेतला. दोन माणसांचा स्वयंपाक करून मला सात वर्षं झाली, अजिनाथ एमआयडीसीतून येतो तो जेवूनच येतो. तेव्हा सांग किंवा नको सांगू, मी काही तुझ्या हाताला धरून सरांच्या खोलीत नेणार नाही.

एवढंच विचारते. नगरच्या वर्गात पोरांपुढे उभी राहून हेच मासे शिकवशील ना? एखादी पोरगी विचारील, बाई, मासे धरलेत कसे. तेव्हा काय सांगशील?

उत्तर मला नको लिहूस.

मनकर्णा आत्या

•

कोची, ४ मे २०२४

आत्या,

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी.

सरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, मापांची वही आण. वहीत चाळीस ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पहिला, मोठा, सोडला.’ त्यांनी चाळीसही वाचले. शेवटी म्हणाले, “हे मीसुद्धा वाचायला हवं होतं.” ओरडले असते तर बरं झालं असतं.

मासा मोठा असो की लहान, डीएनए तोच, असं मी धरून चालले होते. चूक तिथे झाली. २०१६ साली इथलं पाणी तापलं होतं. समुद्रफुलं पांढरी पडून मेली, मासे गेले. मी कापलेले ऐंशीही मासे वयाने त्यानंतरचे, म्हणजे त्या उन्हाळ्यानंतर ज्या मोजक्या माद्यांची अंडी तगली त्यांचीच पोरं. ती सारखी निघणारच. पहिल्या धावून आलेल्या माद्या मात्र त्याच्या आधीपासूनच्या. त्या वीस-वीस वर्षं जगतात. मोनिकाने फिरस्त्याच्या म्हाताऱ्या वाचल्या आणि मी घरच्याची नातवंडं, आणि आम्ही दोन्ही शेजारी मांडून घरच्याला थोडा म्हणालो. ऐंशी तुकड्यांत मी हजारो वर्षं वाचतेय असं मला वाटत होतं. खरं तर आठ वर्षं वाचत होते.

निबंध परत घेतला. बैठकीत सर हा मासा मांडणार नाहीत, ऑगस्टपर्यंत मुदत मागितलीय. नगरच्या कॉलेजला कळवलं की जूनमध्ये प्रबंध होणार नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, दुसऱ्या उमेदवाराला घेतलंय. लोक म्हणतात चूक कबूल केली की हलकं वाटतं. मला नाही वाटलं. दोन दिवस जेवले नाही, आणि त्यात तुझ्यावरही रागावले होते. तू विचारलंच नसतंस तर, असं मनात आलं. लिहून टाकते, म्हणजे माझ्या मनात राहायचं नाही.

एक गोष्ट चांगली आहे. मादी एकदा फुलात आली की मरेपर्यंत ते सोडत नाही, आणि चाळीसही फुलांच्या जागा वहीत आहेत. पावसाळ्यात समुद्र बंद व्हायच्या आत जायचं आणि या वेळी पहिलीच धरायची. परवाना वाढवून मिळाला. उद्याच्या जहाजाने निघतेय. हमजाकोयाचा निरोप आहे, पाणी पुन्हा तापलंय, लवकर या.

तुझी,
सत्यशीला

•

मळा, पारनेर, १८ मे २०२४

सत्यशीले,

माझ्यावर रागावलीस ते बरं केलंस. मीही स्वतःवर रागावले होते. ती रीत मी तुला शिकवली नसती तर जागा गेली नसती, हा हिशेब मी चार वेळा करून बघितला. मग ठरवलं, शिकवायचीच होती. पुरती शिकवायची राहिली, तेवढी माझी चूक.

नगरचं वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर तुला पटणार नाही. तुझी वाट बघायची सवय झाली होती, ती मोडायला जरा दिवस जातील.

अजिनाथ विचारतोय, मासे सापडले का. शेजारचे श्रीमंतबापूसुद्धा विचारतात. मी बांधावर बसून त्यांना सगळं सांगितलं, ते काय म्हणाले ते मात्र मला ऐकू आलं नाही. सापडले की आधी तेवढंच लिही, बाकीचं नंतर.

तुझी,
मनकर्णा आत्या

•

कोची, २४ जून २०२४

आत्या,

सतरा सापडल्या.

नऊ दिवस मिळाले, मग समुद्र बंद झाला. पाणी अंघोळीला काढल्यासारखं होतं, पाच पुरुष खालीसुद्धा. सतरा माद्यांचे तुकडे घेतले, त्यांना सोडलं आणि शेवटच्या जहाजाने परत आले.

वाचन काल संपलं. सतरांत सोळा निरनिराळ्या वंशावळी निघाल्या, आणि त्या एकमेकींपासून लांब लांबच्या. फिरस्त्याच्या तऱ्हा पुष्कळ खऱ्या, पण त्यांच्यात फरक डीएनएच्या एकेका अक्षराचा. नव्या वस्तीचं ते लक्षण. हिशेब सरांनी आणि मी वेगवेगळ्या खोल्यांत बसून केला आणि दोघांचा एकच आला. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली उतरला होता, या बेटांभोवतीचं उथळ पाणी पार आटलं होतं. तेव्हाही घरचा मासा इथेच, खोल उतारांवर, लाखांनी होता. पाणी परत चढल्यावर मूठभरांतून वाढत पसरला तो फिरस्ता. पेव उघडावं लागलं ते त्याच्यासाठी. सरांनी ‘थोडेपणा हा या माशाचा स्वभाव’ हे वाक्य माझ्यासमोर खोडलं, आणि म्हणाले, निबंधावर पहिलं नाव तुझं आणि ऑगस्टच्या बैठकीत बोलायचंही तू. प्रबंधाला आणखी एक वर्ष लागेल. नगर गेलं ते गेलं. बैठक झाली की पंधरा दिवस मळ्यात येते, या वेळी आरक्षण आजच केलंय.

आता उरलेल्या तेविसांचं. तू विचारशील, त्या आधी मीच लिहिते. सहा फुलं पांढरी पडली होती, आत कुणी नव्हतं. बाकीच्या सतरा ठिकाणी फूलच उरलं नव्हतं, नुसता खडक. मी वहीतली जागा परत परत ताडून बघायचे, हमजाकोया वरून दोर हलवून बोलवायचा. डिसेंबरात या तेवीसही माझ्या हातात होत्या. तेव्हा तुकडा घेतला असता तर त्या कुणाच्या कोण, एवढं तरी कळलं असतं. आता ते कुणालाच कळणार नाही.

बैठकीत मला पाच मिनिटं दिली आहेत. काय सांगायचं ते लिहून काढलं आणि खोडत खोडत शेवटी दोन वाक्यांवर आणलं. हा मासा कधीच थोडा नव्हता. तो यंदा, डिसेंबर आणि मे यांच्या मध्ये, चाळीस घरांवरून सतरांवर आला, आणि ते मी स्वतः मोजलंय.

तुझी,
सत्यशीला